ऑपरेशनआधीचे सोळा महिने : खानावळवाल्या वहिनींचं प्रकरण

टिळकवाडीत कॉलेजच्या मुलांची खानावळ चालवणाऱ्या ४४ वर्षांच्या बाईंचं हे प्रकरण. मुलं त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून इथेही वहिनीच. मी बेळगावात आहारतज्ज्ञ आहे. वजनाचं ऑपरेशन ठरलेले पेशंट त्याच्या आधी आणि नंतर माझ्याकडे येतात. वहिनींच्या संमतीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जून २०२४ मध्ये त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा उंची १५२ सेंटिमीटर, वजन ९७ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४२. मधुमेहाला नऊ वर्षं झालेली, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ९.६. बीपीची गोळी चालू. हिमोग्लोबिन ९.४. गुडघे इतके दुखायचे की मेडिकलमधून आणलेली पेनकिलर रोजची झाली होती. घोरणं एवढं, की नवरा दोन वर्षांपासून बाहेरच्या खोलीत झोपत होता. सर्जननी गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन) सुचवलं, वहिनींनी मनाशी पक्कं केलं, आणि मग विम्याची फाइल उघडली.

या ऑपरेशनला आपल्याकडे फारशी रांग नसते. साडेतीन लाख रोख मोजणाऱ्याला खासगी दवाखान्यात पंधरवड्यात तारीख मिळते. वाट बघायची ती पैशाची. वहिनींनी ऑगस्ट २०२२ मध्ये पॉलिसी घेतली तेव्हा फॉर्मवर मधुमेह आणि बीपी खरंखरं लिहिलं होतं. त्यामुळे आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षं थांबण्याची अट लागली, ती संपणार ऑगस्ट २०२५ मध्ये. "तेव्हा लिहिलंच नसतं तर?" असं त्यांच्या नवऱ्याने माझ्यासमोरच विचारलं. नऊ वर्षांच्या मधुमेहाची चिठ्ठी कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या कागदात निघतेच, आणि मग क्लेमही जातो आणि पॉलिसीही. वहिनींचा खरेपणा पुढे फळाला आला. तेव्हा मात्र घरात त्याचाच राग होता.

वजन उतरलं तर ऑपरेशन रद्द होईल?

ऑगस्टमध्ये त्या दुसऱ्यांदा आल्या तेव्हा वजन ९९ झालं होतं. दिलेला आहार एक दिवसही पाळला नव्हता आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. भिशीतल्या एका मैत्रिणीने कानात घातलं होतं, "चाळीसच्या खाली गेलीस तर कंपनी पैसे देणार न्हाई बघ. आता खाऊन घे की, पुढं आहेच उपास."

ही अफवा अगदीच पोकळ नाही, म्हणून तर ती टिकते. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने आरोग्य विम्यासाठी ठरवून दिलेल्या प्रमाणित शब्दांत लठ्ठपणाचं ऑपरेशन मुळात वगळलेलं आहे. त्यातून सुटायला रुग्ण निदान १८ वर्षांचा हवा, डॉक्टरांचा सल्ला हवा, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. चाळीसच्या आत असेल तर तो निदान ३५ हवा आणि सोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एक हवा: लठ्ठपणामुळे आलेला हृदयस्नायूचा आजार, कोरोनरी हृदयरोग, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत वारंवार श्वास अडणं) किंवा ताब्यात नसलेला टाइप २ मधुमेह. शिवाय कमी त्रासाचे उपाय करून झाले आणि उपयोग झाला नाही, असंही दिसायला हवं. भारतीय शरीरयष्टी बघून आपल्याकडचे बरेच सर्जन बीएमआय ३७.५ पासून, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर ३२.५ पासून ऑपरेशनचा विचार करतात. विम्याची पट्टी त्याहून वर आहे.

आता वहिनींची अडचण बघा. ९७ किलोवर बीएमआय ४२. पाचेक किलो उतरलं की त्या चाळिसाच्या खाली जाणार. खाली गेल्या तर "ताब्यात नसलेला मधुमेह" दाखवून त्या बसतील. पण ऑपरेशनच्या टेबलवर जायचं तर सर्जन म्हणणार, साखर ताब्यात आणा. म्हणजे कंपनीला साखर सुटलेली हवी आणि सर्जनला आवळलेली. वर त्याच सर्जनला वजनही उतरलेलं हवं, कारण यकृतातली चरबी कमी झाल्याशिवाय त्याच्या मागे दडलेलं जठर नीट दिसत नाही. एवढ्या कात्रीत सापडलेल्या बाईने "खाऊन घे" हाच सल्ला ऐकला, यात मला तरी नवल वाटलं नाही.

सुटका घोरण्यातून झाली. सर्जननी झोपेची तपासणी सांगितली होती, पण ती "ऑपरेशनच्या वेळी करू" म्हणून मागे पडली होती. आम्ही ती पुढे ओढली. घरीच रात्रभर बोटाला आणि नाकाला यंत्र लावून झोपायचं. तासाला सरासरी ४६ वेळा श्वास अडतो, असं निघालं. ३० च्या वर तीव्र समजतात. हा आजार कागदावर आल्यावर बीएमआय ४० चं ओझं उतरलं. आता ३५ पर्यंत मोकळं रान होतं. म्हणजे या उंचीला सुमारे ८१ किलो. तिथवर ऑपरेशनआधी पोचण्याची भीती कुणालाच नव्हती. राहिली "कमी त्रासाचे उपाय" ही अट. त्यासाठी दर महिन्याचं वजन, आहाराचा तक्ता, औषधांचे बदल, सगळं तारखेसह लेटरहेडवर यायला लागलं. ज्या नोंदींची वहिनींना भीती वाटत होती, त्याच नोंदी आता त्यांच्या बाजूच्या साक्षीदार झाल्या.

मला वाटतं, हे गणित पहिल्याच भेटीत कुणीतरी पेशंटसमोर कागदावर मांडून दाखवायला हवं. सर्जन त्याला विम्याचं काम समजतात, विम्याची खिडकी त्याला डॉक्टरांचं काम समजते, आणि मधल्या मध्ये भिशीतली मैत्रीण सल्लागार होते.

मीठ बघणं

तुम्ही दिवसभरात काय काय खाता, असं विचारलं तर वहिनींचं उत्तर आठवडाभर तेच होतं: सकाळी चहा, दुपारी साडेतीनला दोन भाकरी, रात्री अकराला भात. एवढ्यावर ९९ किलो होत नाही. त्या खोटंही बोलत नव्हत्या. म्हणून एक दिवस मी सकाळी सातलाच खानावळीत जाऊन बसले.

उप्पीट उतरलं, बोटभर तोंडात. आमटीला फोडणी पडली, तळहातावर पळीने घेऊन चव. चिंच घातली, परत. गूळ घातला, परत. वांग्याची भाजी, तिची दोनदा. भाकरी थापताना एक मोडली. ती गिऱ्हाइकाला देता येत नाही, म्हणून लोणी लावून उभ्याउभ्या. मुलांची ताटं परत आली, एकाने भात टाकलेला. त्याला चार शब्द सुनावून तो बाजूला ठेवला आणि दुपारी स्वतःच्या ताटात घेतला. संध्याकाळी पुन्हा हेच सगळं. त्यांच्या लेखी यातलं काहीच खाणं नव्हतं. "ताई, मीठ बघायलाच पाहिजे की. पोरं ताटावरनं उठून जातील."

माझ्या अंदाजाने हे मीठ बघणं दिवसाला चारशे कॅलरीच्या घरात जात होतं. सोडा म्हणणं मूर्खपणाचं ठरलं असतं, धंदाच तो. पण कमी करता येत होतं. मीठ, तिखट, गूळ यांची मापं ठरवली. अमुक पातेल्याला अमुक चमचे, असं भिंतीवर खडूने लिहून ठेवलं. पंधरा दिवसांत आमटीची चव रोज सारखी यायला लागली आणि ते आधी मुलांच्याच लक्षात आलं. शेवटची चव हाताखालची मावशी बघणार, असं ठरलं. मोडलेली भाकरी मावशीच्या डब्यात.

सगळ्यात मोठा फरक जेवणाच्या वेळेने पडला. पोरांना वाढून झाल्यावर साडेतीनला जेवायचं, तोवर भूक पोटात मावेनाशी होते, मग उभ्याने पाच मिनिटांत दोन भाकऱ्या संपतात. ऑपरेशननंतर असं जेवताच येत नाही. पोटाची पिशवी इवलीशी राहते. घास नीट चावला नाही तर छातीत अडकतो, जेवताना पाणी प्यायलं तर उलटी. म्हणून तालीम आधीच सुरू केली. सकाळी साडेअकराला, पहिला मुलगा यायच्या आत, बसून, वीस मिनिटं घड्याळ लावून. आधी उसळ किंवा अंडं, मग भाजी, भाकरी शेवटी. पाणी अर्ध्या तासाने. "गिऱ्हाइकाच्या आधी आपण जेवायचं?" या प्रश्नावर सासूबाईंची समजूत काढायला आहारशास्त्र पुरलं नाही, ती शेवटी नवऱ्याने काढली. ही सवय लागायला दोन महिने गेले.

मिश्री

फाइलमध्ये "तंबाखू : नाही" असं लिहिलेलं होतं. तीन ठिकाणी विचारलं होतं आणि तीनही ठिकाणी वहिनींनी नाहीच सांगितलं होतं. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात माहेर. सकाळी दात घासायला मिश्री, दुपारी भांडी झाल्यावर परत मिश्री, आणि झोपताना "जरा बरं वाटतं" म्हणून आणखी एकदा. आपल्या भागातल्या बायकांना तंबाखू खाता का, असं विचारून काही उपयोग नाही. मिश्री लावता का, असंच विचारावं लागतं. मी दात बघून विचारलं.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, निकोटीन हिरडीतून सरळ रक्तात. बायपासनंतर जिथे आतडं जठराच्या पिशवीला जोडतात त्या सांध्यावर अल्सर होण्याचा धोका तंबाखूने वाढतो, जखमही उशिरा भरते. बहुतेक सर्जन निदान सहा आठवडे आधी तंबाखू पूर्ण बंद करायला लावतात, आणि नंतर तर कायमचाच. रोजची पेनकिलरही त्याच अल्सरच्या वाटेवरची. दोन्ही सोडायचं होतं. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यावर भागवलं. मिश्री मात्र सहा महिने पुरली. दिवसाची एक वेळ सुटायची, पाहुणे आले की परत लागायची. हातभार लागला तो दंतवैद्यांचा. दोन दाढा किडून हलत होत्या, आणि ऑपरेशननंतर नीट चावता आलंच पाहिजे, म्हणून त्या काढून टाकणं भाग होतं. दाढा काढल्यावर जखम भरेपर्यंत तंबाखू बंद, असं दंतवैद्यांनी दटावलं आणि वहिनींनी तोच मुहूर्त धरला. फेब्रुवारी २०२५ पासून मिश्रीची डबी घरात नाही. सासूबाईंची आहे, ती त्या स्वतःच्या उशाखाली ठेवतात.

"ऑगस्ट झाला की"

हे सगळं वाचताना वाटेल की गाडी रुळावर होती. नव्हती. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ हा काळ फार वाईट गेला, आणि त्याचं कारण खाण्यात नव्हतं.

वहिनींनी सगळं आयुष्यच ऑगस्टवर टांगलं होतं. नवा ब्लाउज शिवायचा नाही, ऑगस्ट झाला की मापच बदलेल. चष्म्याचा नंबर बदललाय, ऑगस्ट झाला की बघू. भाचीच्या लग्नाला फोटोत यायला नको, म्हणून मुहूर्ताला जाऊन जेवायच्या आत परत. गावच्या लक्ष्मी यात्रेला गेल्या तर तिथे बातमी आधीच पोचलेली: "पोट कापून घेणार म्हणे." रात्री दीड वाजता उठून मुलांसाठी केलेल्या लाडवांचा डबा उघडायचा आणि मग रडायचं. मैत्रीण कुंदा या बेळगावी मिठाईचा पुडा घेऊन यायची, शेवटचा म्हणून. असे शेवटचे पुडे किती झाले, ते मी विचारलं नाही.

वजन अजून ९८.

या टप्प्यावर आहाराचा तक्ता कडक करणं ही सर्वात सोपी आणि सर्वात निरुपयोगी गोष्ट असते. आम्ही तक्ता सैल केला आणि मनाची तपासणी केली. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवर गुण आले १३, म्हणजे मध्यम नैराश्य. ऑपरेशनआधी मानसतज्ज्ञांची एक भेट तशीही लागते, पण ती बहुतेक ठिकाणी सहीपुरती होते. इथे पंधरा दिवसांतून एकदा, नीट बसून झाली. बाजारात, बसमध्ये वहिनी फाडफाड कन्नड बोलतात, पण रडायचं ते मराठीतच, म्हणून मराठी येणाऱ्या बाईंकडेच पाठवलं. त्यांनी एक काम दिलं: ऑगस्टला ढकललेल्या गोष्टींची यादी करायची आणि त्यातली दर आठवड्याला एक, आहे त्या वजनावर, करून टाकायची. पहिला आठवडा ब्लाउज. आहे त्या मापाचा, मोरपंखी, बाही लांब. दुसरा चष्मा.

दुसरं म्हणजे सीपॅप. झोपताना नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं हे यंत्र भाड्याने आणलं होतं, पण पहिले दोन महिने ते पेटीतच होतं: तोंडावर हत्तीची सोंड लावून कोण झोपणार? आवाज होतो, लाइट गेली की गुदमरल्यासारखं होतं. मास्कची लहान साइज आणि एक इन्व्हर्टर, एवढ्यावर ते लागू पडलं. आठवड्याभरात दुपारची पेंग गेली. मला विचाराल तर या प्रकरणात वजनाला पहिला खरा उतार त्या यंत्राने लावला. झोप मोडलेल्या माणसाला गोडाची ओढ जास्त असते, आणि दीड वाजता उठणंच थांबलं तर डबा कोण उघडणार?

चालणं गुडघ्यांमुळे एका दमात जमत नव्हतं. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, मध्ये बाकावर बसायची मुभा. आणि घरात दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन करायची पद्धत नवऱ्याने पाडली होती, ती मी बंद करायला लावली. महिन्यातून एकदा, माझ्याकडे, बस्स.

मार्चमध्ये मुलाचा पुण्याहून फोन आला. मौंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं होतं, आईने ऑपरेशन सोडून तेच घ्यावं. त्याचा विचार वेडगळ नव्हता, इंजेक्शनने चांगलं वजन उतरतं. पण तेव्हा अडीच मिलिग्रॅमची एक कुपी साडेतीन हजारांची, आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला चौदा हजार. डोस वाढला की आणखी जास्त, आणि बंद केलं की वजन बहुधा परत येतं. खानावळीच्या हिशेबात ते बसत नव्हतं. मधुमेहाच्या डॉक्टरांनी जुन्याच औषधांची जुळणी बदलली आणि रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं.

पैशाचा आणखी एक काटा. पॉलिसीचा हप्ता ऑगस्टात, आणि मे ते जुलै कॉलेजला सुट्टी असल्याने खानावळ निम्मी रिकामी. हप्ता चुकला आणि सवलतीचे दिवसही उलटले, तर तीन वर्षांची साठवलेली वाट पाण्यात. वहिनींनी हप्त्यासाठी जानेवारीपासून वेगळी भिशी धरली आणि आपला नंबर जुलैत मागून घेतला.

तारीख मिळाली, आणि हलली

जून २०२५ चे आकडे: वजन ९१.५, बीएमआय ३९.६, एचबीए१सी ७.६, हिमोग्लोबिन ११.८. लोह आणि बी१२ आधीच भरून काढलं, कारण बायपासनंतर ते कमी शोषलं जातं. एंडोस्कोपीत एच. पायलोरी हा जठरात अल्सर करणारा जंतू निघाला, त्याचा चौदा दिवसांचा कोर्स झाला. पीएचक्यू-९ वर ६.

विम्याची पूर्वसंमती एकदा प्रश्न विचारून आणि एकदा झोपेचा रिपोर्ट परत मागून ऑगस्टअखेर आली. ऑपरेशनची तारीख सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. दोन आठवडे आधी यकृत आकसवणारा आहार सुरू झाला: दिवसाला आठशे ते हजार कॅलरी, ताक, मुगाचं कढण, प्रोटीन पावडर, काकडी, दोन अंडी. इन्सुलिन आणि गोळ्यांचे डोस डॉक्टरांनी त्याच दिवशी कमी केले. तसं न करता हा आहार घेतला तर साखर घसरून माणूस खाली पडतो. नेमका तेव्हाच गणपती. घरात मोदक, खानावळीत मोदक, गल्लीत महाप्रसाद. वहिनींनी मोदक केले, चव मावशीने बघितली.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी ताप आणि खोकला. छातीत घरघर असताना भूल देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तारीख ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर गेली. पंधरा महिने थांबलेल्या बाईला हे चार आठवडे झेपणार नाहीत, असं घरातल्या सगळ्यांना वाटलं. वहिनींनी फोनवर एवढंच विचारलं, "मग आता ताकावरच राहू काय?" राहायचं नव्हतं. इतक्या कमी कॅलरीवर महिनाभर काढला तर स्नायू झिजतात. त्यांना पुन्हा बाराशे कॅलरीवर आणलं, भाकरी सुरू केली, आणि नव्या तारखेच्या दोन आठवडे आधी परत कढण. संमतीची मुदत वाढवून घ्यायला दवाखान्याच्या विमा विभागाने कंपनीला पत्र दिलं.

ऑपरेशन दिवाळीच्या आधी, दुर्बिणीतून झालं. त्या दिवशी वजन ८९.

तीन महिन्यांनंतर, जानेवारी २०२६ मध्ये, ते ७४ आहे. इन्सुलिन बंद, एक गोळी चालू. केस गळतात, ते या काळात गळतातच. प्रोटीन दिवसाला साठ ग्रॅमपर्यंत पोचायला अजून ओढाताण होते. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, बी१२ आता जन्मभर. सीपॅप मनाने बंद करायचं नाही, मार्चमध्ये झोपेची तपासणी परत करून ठरेल. मोरपंखी ब्लाउज दोनदा आत घेऊन झाला. आणि भिशीतली ती मैत्रीण, जिचा बीएमआय ३८ आहे, गेल्या आठवड्यात फाइल घेऊन माझ्याकडे आली. झोपेच्या तपासणीपासून सुरुवात केली आहे.